गच्चीवरची टिटवी

लातूर, २१ एप्रिल

आदरणीय अमृतराव यांस, माधवरावचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि सोयरिकीत अर्धवट ऐकलेल्यावरून रुसवेफुगवे होतात, म्हणून जे काय ते पत्रानेच बोलू, असं तुम्ही सुपारी फुटली त्या दिवशी म्हणालात. मला ते पटलं. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे माझ्या पत्रात आकडे जास्त आणि गोडवा कमी सापडेल. तेवढं सांभाळून घ्या.

आपलं ठरलंय ते असं : तुमचा मुकुल आणि आमची मालविका यांचा साखरपुडा रविवारी, १८ मे रोजी, दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांनी, आमच्या घराच्या गच्चीवर मंडप टाकून. त्यात एक छोटीशी अडचण आली आहे. गच्चीला भेगा पडल्यात. पावसाळ्याच्या आत वॉटरप्रूफिंग करून घ्या, नाहीतर खोल्या गळतील, असं मिस्त्री म्हणतो आणि ते काम मेअखेरपर्यंत चालेल. तेव्हा गच्चीऐवजी खाली अंगणात कार्यक्रम घेतला तर तुमची काही हरकत आहे का? अंगणात मोठा कडुनिंब आहे, सावली चांगली पडते. तारामतीवहिनींचा जिना चढायचा त्रासही वाचेल.

आमची सौदामिनी म्हणते, मुलीकडच्यांनी ठरलेल्या गोष्टीत बदल सुचवू नये. मी तिला म्हणालो, अमृतराव समजूतदार आहेत. आता माझं म्हणणं खरं करणं तुमच्या हातात आहे.

आपला,
माधवराव


नांदेड, २४ एप्रिल

प्रिय माधवराव, नमस्कार.

विषय : आपली गच्ची. संदर्भ : आपलं २१ तारखेचं पत्र.

हसू नका. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं काढल्यावर हात आपोआप असाच चालतो. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि एकदा तारामतीला वाचून दाखवलं. आता मुद्द्याचं. तुमच्या अंगणाची मोजणी मी सुपारीच्या दिवशीच उरकली आहे. तुम्ही चहाचं बघायला आत गेलात तेवढ्यात पावलांनी मोजलं. आठ बाय अकरा, त्यात निंबाचा पार आणि तुमची स्कूटर. भर दुपारी तिथे ऐंशी माणसं बसवली तर निम्मी सावलीत आणि निम्मी उन्हात. उन्हात कुणी बसायचं यावरून आमच्या भावकीत पुढची दहा वर्षं पुरेल एवढं भांडण होईल. तेव्हा गच्चीच बरी, वर ऐसपैस मंडप टाकता येतो.

पण तुम्ही घाबरू नका. माझा पुतण्या यज्ञेश वॉटरप्रूफिंगचंच काम करतो. येत्या रविवारी तो लातुरात आहे. व्याह्यांची गच्ची बघून ये, असं त्याला बजावलंय. चार दिवसांत उरकून देतो म्हणाला. घरचा मुलगा आहे, संकोच करू नका.

तारामतीच्या जिन्याची काळजी नको. ती येणार नाही. गुडघे दुखतात. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

आपला,
अमृतराव

ता. क. आमच्या थोरल्या सिंधुवहिनी मात्र नक्की येणार. त्यांना सगळं रीतसर लागतं, एवढं ध्यानात असू द्या.


लातूर, २७ एप्रिल, रविवार

आदरणीय अमृतराव,

हे पत्र यज्ञेशच्याच हाती देतोय. तो घरी पोचून जे काय सांगेल त्याच्या आधी तुम्ही हे वाचावं म्हणून. बिचारा दहा वाजता आला आणि आल्या आल्या जिना चढायला लागला. मी "आधी चहा, आधी चहा" करत मागे धावलो, पण पोरगा कामाचा. त्याने गच्चीचं दार उघडलं आणि पुढच्या क्षणाला वर नुसता आरडाओरडा, त्याचाही आणि तिचाही. खाली आला तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी अजून वरच आहे, संध्याकाळी आणून पार्सलने पाठवतो.

गच्चीला भेगा नाहीत, अमृतराव. मी खोटं लिहिलं. गच्चीवर टिटवी आहे.

बांधकामाची थोडी खडी वर टाकीच्या बाजूला पडून होती, त्या खडीत तिने चार अंडी घातली आहेत. मातकट, वर काळे ठिपके. समोर असून दिसत नाहीत. सौदामिनी कुरडया वाळत घालायला गेली तर तिचा पायच पडायचा राहिला. चौथं अंडं वीस तारखेला आलं. मालविका विज्ञानाची शिक्षिका, तिने पुस्तकात बघून सांगितलं की पिलं बाहेर यायला अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात. म्हणजे अठरा ते वीस मे. टिटवीबाईने बरोबर आपलाच मुहूर्त धरलाय.

तुम्हाला खरं का सांगितलं नाही, तेही लिहितो. घरावर टिटवी ओरडली की अशुभ, असं आपल्याकडे जुनी माणसं मानतात. ज्या गच्चीवर साखरपुडा तिथेच ती बसली आहे आणि माणूस दिसला की डोक्यावर झडप घालून टाहो फोडते, हे मुलाकडच्यांना कोणत्या तोंडाने कळवू? माझी एकुलती एक मुलगी. म्हणून मिस्त्री जन्माला घातला. आता फार लाज वाटून राहिली आहे.

पण तुम्ही एकदा आमच्या जिन्याच्या दाराच्या फटीतून बघाच. परवा दुपारी दोन वाजता मालविकाच्या शाळेचा तापमापक फरशीवर ठेवला, पारा अठ्ठावन्नावर गेला. आजवर मला वाटायचं, पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. सकाळी ती तसंच करते. पण अकरा वाजले की ती उठून उभी राहते, पंख अंगापासून सैल सोडते आणि स्वतःच्या अंगाची सावली अंड्यांवर धरते. ऊन फिरतं तशी तीही फिरते. पाठ कायम सूर्याकडे. चोच उघडी, गळा सारखा थरथरतोय. पहिल्या दिवशी ती अंडी उघडी टाकून टाकीखालच्या डबक्यात जाऊन बसली, तेव्हा मी तिला काय काय बोललो! ही कसली आई, म्हणालो. ती पोटाची पिसं चिंब करून परत आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. मग नर आला, त्यानेही तेच केलं. दिवसभर त्यांच्या अशा पाळ्या चालतात. मी गणिताचा माणूस, वेळा टिपत बसलो. परवा एका दुपारात सतरा फेऱ्या झाल्या.

तुम्ही रागावला असाल तर जरूर रागवा. पण मंडप वर टाकायला सांगू नका, एवढंच मागतो.

आपला,
माधवराव


नांदेड, १ मे

प्रिय माधवराव,

तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. मेअखेरपर्यंत चालणारं वॉटरप्रूफिंग मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. तरी यज्ञेशला पाठवलं, कारण लपवण्यासारखं काय आहे याची उत्सुकता होती. मला वाटलं कर्जबिर्ज, नाहीतर भाडेकरू. टिटवी निघेल असं वाटलं नव्हतं. यज्ञेश घरात पाय ठेवताच म्हणाला, "काका, त्यांच्या गच्चीला लई कडक राखण हाय." तारामती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पुष्कळ दिवसांनी असं झालं.

खोट्याची माफी मंजूर. पण तुमच्या त्या सतरा फेऱ्यांनी मला कामाला लावलंय. काल दुपारी एक ते चार मी आमच्या गॅलरीत बसून गल्लीचा रीतसर पंचनामा केला. तारामती खिडकीच्या आतून सांगायची, तिकडे बघा, आता इकडे बघा. दुपारी ती खिडकीच्या आतच असते.

समोरचं तांबडं कुत्रं एक वाजता उभ्या टेम्पोखाली होतं. टेम्पो गेला. उन्हात उभं राहून त्याने चारी बाजूंना पाहिलं, मग सरळ सार्वजनिक नळाशी गेलं आणि तिथली माती पायाने उकरली. वरची तापलेली बाजूला सारली आणि खालच्या गार मातीत पोट टेकून जीभ बाहेर काढून पडलं. अडीचला सावली सरकली तसं तेही सरकलं, हद्दीबाहेर एक इंच नाही. आमच्या धुण्याच्या दगडावर एक खार चारी पाय चार दिशांना पसरून पालथी पडली होती. तारामती म्हणाली, मेली वाटतं. मी उचलायला गेलो तर झटकन उठून झाडावर. दगड सावलीतला होता, गारगार. तिला तो कसा सापडला असेल? कावळा चोच वासून, पंख जरा फाकवून बसला होता. एकूण गल्लीत एक ते चार या वेळात भर उन्हात चालणारा एकच प्राणी आढळला. तो कुरिअरवाला होता.

आता कामाचं. मंडप गच्चीवरच टाकावा लागेल. बाकी जागेचा प्रश्न मी मोजून सांगितला आहेच. अंडी टोपलीत उचलून शेजाऱ्यांच्या गच्चीवर ठेवली तर? खडीसकट उचला, तिला फरक कळणार नाही. टिटवीचं सिंधुवहिनींच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका.

आपला,
अमृतराव


लातूर, ४ मे

आदरणीय अमृतराव,

तुमचा पंचनामा सौदामिनीने मैत्रिणींना वाचून दाखवला. कुरिअरवाल्याचं वाचून सगळ्या खो खो हसल्या.

टोपली मात्र नको. मालविका म्हणते, जागा हलवली की टिटवी त्या अंड्यांकडे वळत नाही, जुन्याच जागेवर येऊन बसते. आणि माझा स्वतःचा एक शहाणपणा सांगतो, तो वाचलात तर टोपलीचं पुन्हा नाव काढणार नाही.

परवा इथे त्रेचाळीस होतं. मला टिटवीची दया आली. रोपवाटिकेतून हिरवी जाळी आणली, चार पाइप उभे केले आणि साडेअकराला अंड्यांवर छान छप्पर बांधलं. डोक्यावर हेल्मेट घालून बांधलं, कारण दोघं मिळून माझ्यावर झडप घालत होती. मग दाराआड जाऊन मोठ्या कौतुकाने बघत बसलो. ती खाली उतरेना. घिरट्या घालते, ओरडते, कठड्यावर बसते, पण जाळीखाली येईना. तिला तो पिंजरा वाटला असणार. मी घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं, आठ, अकरा. जाळीतून ऊन झिरपतच होतं आणि खालची फरशी तापलेली होती. मालविका घरी होती, ती धावत वर आली आणि ओरडली, "बाबा, काढा ते आधी!" माझ्याच गाठी मला सुटेनात. शेवटी कात्रीने कापल्या. आम्ही आत आलो तशी टिटवी टाकीखाली गेली, पोट भिजवलं आणि येऊन अंड्यांवर बसली. तोवर अंडी एकूण चौदा मिनिटं उघडी पडली होती. अमृतराव, मी जिन्यात बसून रडलो. अंड्यातला जीव फार तापला की जगत नाही. ती अंडी वाचली की माझ्या मायेने शिजली, हे अठरा तारखेपर्यंत कळणार नाही.

आता माझी खरी विनंती. अंगणात घेतलं तरी दुपारची वेळ ठेवली तर तेच होणार. घर बैठं, गच्ची डोक्यावर. ऐंशी माणसं, सनई, फोटोवाले. ती बिथरून उडणार आणि अर्धा तास खाली येणार नाही. भर दुपारचा अर्धा तास म्हणजे संपलंच. सकाळी सातला मात्र गच्ची गार असते. त्या वेळी ती तासभर उडाली तरी अंड्यांना काही होत नाही, हे मी स्वतः रोज बघतोय. तुमच्या मोजणीचाही प्रश्न सुटतो, कारण सातला आमची सगळी गल्ली सावलीत असते. मंडपच नको, खुर्च्या बाहेर मांडू.

आमचा दूधवाला महादेवप्पा निलंग्याकडचा. त्याला विचारलं, उन्हाळ्यात म्हशींचं कसं करतोस? तो म्हणाला, "म्या काय करतोय, सायेब? म्हशीला घाम लई कमी, वरून कातडं काळं. अकरा वाजले की ती आपली आपण डबक्यात. तिला कोन पंचांग दावतंय?" ते ऐकून मला आपला बारा सतराचा मुहूर्त आठवला. मे महिन्यात, कोट घालून.

मुहूर्त तुमच्या गुरुजींनी काढलेला आहे आणि मुलीच्या बापाने वेळ बदलून मागणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. तरी मागतो. सकाळी सात, अंगणात.

आपला,
माधवराव


लातूर, १२ मे

आदरणीय अमृतराव,

आठ दिवस झाले, तुमचं पत्र नाही. यज्ञेशच्या चपलेचीही पोच नाही. मुकुलरावांना फोन केला तर ते म्हणाले, बाबा गुरुजींकडे आणि सिंधुकाकूंकडे सारखे ये-जा करतायत, कशासाठी ते सांगत नाहीत. मालविका मला काहीच विचारत नाही, ते जास्त लागतं.

मी मर्यादा सोडून बोललो असेन तर मोठ्या मनाने विसरा. तुम्ही गच्ची आणि बारा सतरा म्हणालात तर तसं होईल. मुलीपेक्षा मला काही मोठं नाही. फक्त मंडपवाला वर चढेल त्या दिवशी मी घरात थांबणार नाही. तेवढी मुभा द्या.

टिटवी अजून बसते आहे. अंड्यांचं काही कळत नाही.

आपला,
माधवराव


नांदेड, १४ मे

प्रिय माधवराव,

तारामतीचे गुडघे ठणठणीत आहेत. तुम्ही एक खोटं लिहिलंत, मीही एक लिहिलं. आपली फिट्टंफाट झाली.

आता सविस्तर. चार वर्षांपूर्वी यज्ञेशचं लग्न देगलूरला झालं. मे महिना, पत्र्याचं मंगल कार्यालय, पाऊण वाजताच्या अक्षता. तारामती नवऱ्या मुलाची काकू, जड शालू नेसून अगदी पुढच्या रांगेत. तिला तासभर आधीच कळलं होतं. डोकं गरगरायला लागलं, घाम येत होता तोही थांबला, अंग कोरडं पडून भाजायला लागलं. बाहेर ओसरीवर गारवा होता, पाण्याचे रांजण होते. वीस पावलं. पण अक्षता पडायच्या आत मुलाची काकू उठून गेली असं व्हायला नको, म्हणून बसून राहिली. अक्षता पडल्या आणि तीही पडली. नऊ दिवस दवाखान्यात होती. तेव्हापासून तिला ऊन सोसत नाही. होळीपासून पाऊस पडेपर्यंत सकाळी नऊनंतर ती उंबरठा ओलांडत नाही. चार वर्षांत एकाही कार्याला गेलेली नाही.

गुरुजींनी बारा सतरा काढला तेव्हा तिने मला शपथ घातली. माझ्या दुखण्यापायी पोराच्या पहिल्याच कार्याची वेळ बदलली असं कुणी म्हणता कामा नये. तुम्ही जाऊन या, मी फोटो बघीन. सख्ख्या मुलाचा साखरपुडा, माधवराव! आणि मी हो म्हणालो. मग तुम्हाला गुडघे लिहिले.

तुमचं चार तारखेचं पत्र तिला वाचून दाखवत होतो. जाळीचा भाग ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग 'सकाळी सात' आलं. ती म्हणाली, परत वाचा. परत वाचलं. म्हणाली, "सातला मी येऊ शकते की हो." आणि उठून कपाटातल्या साड्या काढून पलंगावर पसरायला लागली. मी पत्र हातात धरून तसाच उभा. नळाजवळच्या कुत्र्याने उन्हाने हैराण होऊन जागा बदलली, तेव्हा त्याला काही लाज वाटली नव्हती. आम्ही दोघं शिकलीसवरलेली माणसं चार वर्षं लाजत बसलो होतो. स्वतःचा फार राग आला.

उत्तराला उशीर झाला तो याच कामात. तुम्हाला होकार देऊन मग गुरुजी अडले असते तर तारामतीची पुन्हा निराशा झाली असती, म्हणून आधी सगळं पक्कं केलं. गुरुजींना तीनदा भेटलो. सात वाजून पाच मिनिटं चांगली वेळ निघाली, आता ते म्हणतात पहिल्यापासून तीच मनात होती. सिंधुवहिनींना मी टिटवीसकट सगळं खरं सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "टिटवीचं मला ठावं न्हाई. पण तारा येनार असली तर मी पहाटंपासून तयार हाय."

तेव्हा विनंती मंजूर. आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर निघतो. यज्ञेशची सासुरवाडी लातुरातच आहे, मुक्काम तिथे. तुम्ही घर सोडून कुठे जाऊ नका.

आपला,
अमृतराव

ता. क. चप्पल मिळाली. पण ती डावी आहे आणि यज्ञेशची उजवी हरवली होती. ही कुणाची?


नांदेड, २० मे

माधवरावभाऊंना तारामतीचा नमस्कार.

यांनी लिहिलेली पत्रं मी आजवर नुसती ऐकली. आज म्हटलं आपण लिहावं. अक्षर वेडंवाकडं आहे.

परवा सकाळी साडेसहाला आमची जीप तुमच्या गल्लीत शिरली तेव्हा तुम्ही फाटकात उभे होतात. नमस्कार नाही, या-बसा नाही, आधी चार बोटं वर केलीत. मला काही समजेना. हे मात्र जीपमधूनच ओरडले, "चारही?" आणि थांबायच्या आत उतरायला निघाले. मग समजलं की हिशेबाच्या एक दिवस आधीच, आदल्या दुपारी, चारही अंड्यांतून पिलं आली. तुम्ही दोघं फाटकातच एकमेकांच्या गळ्यात पडलात. सोबत आलेल्या माणसांना वाटलं, काय हे व्याह्यांचं प्रेम!

सात पाचला अंगठ्या घातल्या. गार वारा होता, निंबाचा बारीक मोहोर मुकुलच्या टोपीवर पडत होता. माझी जागा सौदामिनीताईंनी पारावर ठेवली होती. चार वर्षांनी मी लेकरांच्या कपाळाला माझ्या हातांनी कुंकू लावलं. एरवी मी फोटोच बघत आले, म्हणून सगळं डोळे भरून बघितलं. तुमच्याकडचा मुरमुऱ्यांचा सुशीला दोनदा घेतला. दुसऱ्यांदा कुणी आग्रह केला नव्हता.

आणि ते आठ वाजताचं. मालविका माझ्या पाया पडायला वाकली आणि वर टिटवीने असा टाहो फोडला की सगळं अंगण दचकलं. मी सिंधुवहिनींकडे बघितलं, त्यांनी तोंडाला पदर लावला होता. टिटवी बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर उतरून हाका मारत होती. तेवढ्यात गच्चीच्या पन्हाळीतून एक कापसाचा गोळा बाहेर आला, लांब लांब पायांचा. मालविका म्हणाली, ऊन चढायच्या आत ती पिलांना खाली सावलीत नेऊन राहिली आहे. मग तुम्ही आणि हे, अंगात कोट, खांद्यावर उपरणं, धावलात. ह्यांचं उपरणं दोन टोकांनी ताणून पन्हाळीखाली उभे राहिलात. पहिलं पिलू बरोबर उपरण्यात पडलं. दुसरंही. तिसरं बाहेर पडलं, मातीत उसळलं, अंग झटकलं आणि तुमच्याकडे न बघता तुरुतुरु पळालं. वरून नर टिटवा तुमच्या दोघांच्या टोप्या उडवत होता आणि तुम्ही "इकडे, इकडे! जरा डावीकडे!" असं एकमेकांवर ओरडत होतात. फोटोवाल्याने अंगठ्यांपेक्षा याचेच फोटो जास्त काढलेत. चौथं काही येईना. सगळी माणसं माना वर करून उभी. शेवटी सिंधुवहिनींनाच राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "अगं बाई, चौथं कुठाय? चार हाईत म्हनले होते न्हवं?" आणि ते आलं. पन्हाळीच्या तोंडाशी थांबलं, खाली बघितलं, मागे गेलं, परत आलं, आणि पडलं ते उपरण्यात. सिंधुवहिनींनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना टाळ्या वाजवताना आजवर बघितलं नव्हतं.

हे सगळं यांनी तुम्हाला लिहिलं असतंच. मी पत्र लिहायला घेतलं ते पुढच्यासाठी.

साडेनऊच्या सुमारास फोटो चालले होते. दोन्हीकडच्या बायका पारावर ओळीने बसलो होतो. निंबाची सावली सरकली आणि माझ्या पाठीवर ऊन आलं. मला लगेच कळलं. आधी मानेला, मग कानांच्या मागे. देगलूरला अगदी असंच सुरू झालं होतं. तेव्हाही मला कळलं होतं, पण तोंडातून शब्द फुटला नव्हता. परवाही क्षणभर तसंच झालं. मुलाची आई, मधोमध बसलेली, फोटो चाललेले. मग मी तुमच्या अंगणात, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, "मला ऊन लागून राहिलं. मी आत जाते."

फोटोवाला म्हणाला, बरं काकू. एवढंच. मी उठले आणि मागे वळून बघते तर सिंधुवहिनी उठल्या होत्या, सौदामिनीताई उठल्या होत्या, आणखी चौघीजणी पदर सावरत माझ्या मागे येत होत्या. तुमच्या मधल्या खोलीत गार फरशीवर आम्ही सगळ्या पाय पसरून बसलो. सिंधुवहिनींनी तर पाठच टेकली. त्या वर पंख्याकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं उठलीस, तारा. मी कवाची वाट बघून राहिले होते, कोनतरी उठंल म्हनून."

तुमची,
तारामती